पुएब्ला : नदी झाकली, काठ उरले

आपल्या मंडळाच्या टिपणांत परदेशी शहर क्वचितच येते. मी मेक्सिकोतले पुएब्ला निवडले ते एका फिरत्या संदेशामुळे. "मेक्सिकोचा राष्ट्रीय पोशाख एका भारतीय राजकन्येने दिला" असा मजकूर वारसाप्रेमींच्या गटांत अधूनमधून येतच असतो. त्यात खरे किती, हे बघायला बसलो, तर आधी त्या बाईचे शहरच समजून घ्यावे लागले. म्हणून क्रम तोच ठेवतो : आधी जागा, मग शहर, मग ती बाई.

जागा

पुएब्ला मेक्सिको सिटीच्या आग्नेयेला रस्त्याने साधारण १३० किलोमीटरवर आहे. उंची सुमारे २,१५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही पाचशे मीटर वर. तरी शहर डोंगरावर नाही, रुंद खोऱ्यात आहे. पश्चिमेला पोपोकातेपेत्ल (५,४२६ मीटर) आणि इस्तासिवात्ल, ईशान्येला मालिंचे असे ज्वालामुखी. पोपोकातेपेत्ल १९९४ पासून पुन्हा जागा आहे. वारा तिकडचा असला की शहराच्या गच्च्यांवर राख पडते.

पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर चोलुला. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी शतके आधीपासून नांदते असलेले हे तीर्थक्षेत्र. तिथला पिरॅमिड आकारमानाने जगात सर्वांत मोठा मानतात, पायाची एकेक बाजू सुमारे ४०० मीटर. पण झाडाझुडपांनी झाकल्यामुळे तो टेकडीच वाटतो, आणि माथ्यावर चर्च आहे. ऑक्टोबर १५१९ मध्ये एर्नान कोर्तेसने याच चोलुलात मोठी कत्तल केली.

वसवलेले शहर

जिंकलेल्या शहरावर आपले शहर चढवायचे, ही स्पॅनिशांची नेहमीची रीत. मेक्सिको सिटी तशीच उभी राहिली. पुएब्लाचे तसे नाही. १६ एप्रिल १५३१ रोजी ते वेराक्रूझ बंदर आणि राजधानी यांच्या वाटेवर मोकळ्या जागी मुद्दाम वसवले. हेतू असा, की ज्या स्पॅनिशांना स्थानिकांची वेठ मिळालेली नाही, त्यांनी इथे यावे आणि स्वतः शेती करावी. देवदूतांनी बिशपच्या स्वप्नात येऊन आखणी केली अशी आख्यायिका आहे. 'देवदूतांचे पुएब्ला' हे जुने नाव तिच्याशीच जोडतात.

पहिली वसाहत सान फ्रान्सिस्को नदीच्या पूर्व काठावर होती. पावसाने दाणादाण उडवली, तेव्हा शहर पश्चिम काठावर नेले. आणि स्वतःच्या घामाचे काय? घरे बांधायला, शेत कसायला त्लाश्काला, चोलुला अशा गावांतून स्थानिक माणसे आणावीच लागली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वस्त्या पूर्व काठावर झाल्या : एल आल्तो, अनालको. 'अनालको' या नावाचा नाहुआ भाषेतला अर्थच 'पाण्यापलीकडे'. नदी शहराची नुसती हद्द नव्हती. कोण अलीकडचा, कोण पलीकडचा, हेही तीच सांगायची.

पश्चिम काठावरचे शहर फूटपट्टीने आखलेले. मधला चौक सोडला की त्याच्या उत्तरेचे आडवे रस्ते सम आकड्यांचे, दक्षिणेचे विषम. एकदा ही खूण कळली की नवखा माणूसही चुकत नाही.

पुढे १९६० च्या दशकात नदी जमिनीखाली बंदिस्त केली आणि वर मोठा हमरस्ता काढला. त्याचे नाव '५ मे'. ओवांदोचा जुना दगडी पूल मात्र तसाच आहे, खाली पाणी नाही एवढेच. नकाशावर तो रस्ता बघा : चौकटीच्या आखणीत तो एकटाच वळणावळणाने जातो. रस्ता असा का वळतो, तर ती नदीची चाल आहे.

५ मे ही तारीख १८६२ ची. लोरेतो आणि ग्वादालुपे या टेकडीवरच्या किल्ल्यांपाशी जनरल इग्नासियो सारागोसाच्या फौजेने फ्रेंच सैन्याला मागे रेटले. बरेच जण हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात. तो १६ सप्टेंबरला असतो. दुसऱ्याच वर्षी, १८६३ मध्ये, फ्रेंचांनी सुमारे दोन महिने वेढा घालून शहर घेतले, हे सहसा सांगितले जात नाही.

फरश्या आणि पुस्तके

शहराच्या मध्यभागी घरांच्या दर्शनी भिंतींवर लाल विटा आणि रंगीत चकाकत्या फरश्या दिसतात. ही तालावेरा कला. कथील आणि शिसे यांचा पांढरा लेप, त्यावर कोबाल्टचा निळा. कसब स्पेनमधून आले, स्पेनमध्ये ते मुस्लिम कारागिरांकडून रुजले होते. मनिलाहून जहाजांनी येणाऱ्या चिनी भांड्यांनी त्याला नक्षी दिली. १६५३ मध्ये कुंभारांच्या संघाने कामाचे नियमच लिहून काढले. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या फरश्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे ओळखीचे वाटेल. तो याच घराण्याचा पोर्तुगीज फाटा.

दुसरा ठेवा पालाफॉक्स ग्रंथालयाचा. बिशप हुआन दे पालाफॉक्स यांनी १६४६ मध्ये आपली ५,००० पुस्तके दिली, वाचता येणाऱ्या कुणालाही ती खुली राहावीत या अटीवर. आजचे दालन १७७३ चे, आणि संग्रह ४५,००० च्या वर. १९९९ च्या भूकंपात इमारतीला धक्का बसला, पुढे दुरुस्ती झाली. शहराचे जुने केंद्र १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

मिर्रा

आता त्या बाईकडे वळू. तिचे नाव मिर्रा. मुघल मुलखातली मुलगी, पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेली, असे तिचे चरित्रकार सांगतात. कोचीनला बाप्तिस्मा होऊन ती कातारिना दे सान हुआन झाली. मग मनिला, मग अकापुल्को, आणि १६२० च्या आसपास पुएब्लात मिगेल दे सोसा या कप्तानाच्या घरी गुलाम म्हणून. त्याच्या मृत्यूनंतर ती मोकळी झाली. भक्त, साध्वी म्हणून तिचा लौकिक झाला. ५ जानेवारी १६८८ रोजी ती वारली आणि जेझुइटांच्या चर्चमध्ये तिला पुरले. आलोन्सो रामोस या जेझुइटाने तिचे तीन खंडांचे चरित्र छापले. त्यात चमत्कार इतके, की धर्मन्यायासनानेच त्यावर बंदी आणली.

'राजकन्या' हा तपशील त्या चरित्रपरंपरेतला. पोशाखाची गोष्ट त्याहून उशिराची. 'चीना पोब्लाना' हा झगमगीत घागऱ्याचा वेश एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरच्या शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. ती स्वतः साधे कपडे वापरायची. गोंधळ झाला तो शब्दाने. त्या काळी मनिलाच्या वाटेने आलेल्या कुणालाही, मग तो भारतीय असो की फिलिपिनो, मेक्सिकोत 'चीनो' म्हणत. पुढे 'चीना' हा शब्द सामान्य घरातल्या ठसकेबाज तरुणीसाठी रूढ झाला. नाव एकच, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन वेगळ्या बायांची एक बाई झाली.

मला वाटते, घागरा काढून घेतला म्हणून आपले काही हरवत नाही. उलट हाती येते ते जास्त मोलाचे : आपल्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून विकली गेलेली, नाव, कबर आणि चरित्र मागे ठेवून गेलेली एक मुलगी. त्या वाटेने गेलेल्या इतर शेकडो जणांचे एवढेही उरलेले नाही. तेव्हा तो संदेश पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी त्यातली 'राजकन्या' आणि 'पोशाख' खोडा, आणि 'मिर्रा' तेवढे ठेवा.