अजिंठ्याच्या भिंतीवरचा टेंपेरा

रंगाची पूड पाण्यात कालवून तिला सरस, डिंक किंवा अंड्याचा बलक यांसारखे बंधक दिले की टेंपेरा तयार होतो. तैलरंग रुळेपर्यंत युरोपातील चित्रफलकांचे मुख्य माध्यम बलकाचा टेंपेरा हेच होते. महाराष्ट्रात या माध्यमाचे सर्वांत थोर काम अजिंठ्याला आहे. तेथील चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात, ते बरोबर नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग चढतो आणि चुना वाळताना तो भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्याचा रंग वाळलेल्या गिलाव्यावर, सरसाच्या आधाराने बसला आहे.

कातळाची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवलेली असे. तिच्यावर माती, वाळू, भाताचे तूस आणि गवताचे तंतू यांचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा थर आणि शेवटी चुन्याचा पातळ हात. रेखाटन गेरूने होई. मग पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा हे रंग भरले जात आणि बाह्यरेषा पुन्हा ठळक केली जाई. बहुतेक रंग मातीचे किंवा दगडाचे. निळा मात्र लाजवर्दाचा, आणि तो दगड थेट अफगाणिस्तानातून येई. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या नाकाच्या दांड्यावर फिक्या रंगाचा उजळ हात आहे. सपाट भिंतीवर चेहऱ्याला उठाव येतो तो अशाच छटांनी.

नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची आहेत. वैभवाचा काळ पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाचा. त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. सोळाव्या लेण्यातील शिलालेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. वऱ्हाडाने या चित्रांवर आपला हक्क सांगावा, इतके हे नाते पक्के आहे.

सरसाला ओल सोसत नाही, आणि गिलाव्यातील तूस-गवत किड्यांचे खाद्य ठरते. त्यात माणसांच्या उपचारांची भर पडली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांकडून प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच 1885 मध्ये लंडनमधल्या एका आगीत जळाल्या. रंग खुलावेत म्हणून त्या काळी चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे 1920 ते 1922 मध्ये निजामाच्या राज्याने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटे पोपडे भिंतीला चिकटवले, ते उपकारच. पण त्यांनी चढवलेले लाखेचे व्हार्निश पिवळे पडले आणि त्याखाली मूळ छटा दबल्या.

1909 ते 1911 मध्ये येथे नकला करणाऱ्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम टेंपेराच्या जाणकार होत्या. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराचा या विषयावरचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला होता. नंदलाल बोस त्यांच्यासोबत काम करत होते.

व्हार्निशचे थर काढण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी हाती घेतले. पाहणाऱ्याच्या हातात एवढेच आहे: भिंतीला हात लावू नये, फ्लॅश मारू नये, आणि गर्दीच्या दिवशी दमट हवेच्या लेण्यात उगाच रेंगाळू नये.