इच्छाशक्ती आणि यकृत

सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात : ‘एवढाही मनाचा निग्रह नाही का?’ शेजाऱ्याने निकोटिनची पट्टी दंडावर लावली आणि दोन महिन्यांत तो मोकळा झाला. याने तीच पट्टी लावली, आणि तिसऱ्या आठवड्यात स्वारी पुन्हा पानपट्टीच्या दुकानापुढे हजर! घरची मंडळी त्याला दुबळा ठरवून मोकळी होतात. पण निकाल देण्यापूर्वी या गृहस्थाच्या यकृताचीही साक्ष काढावयास हवी.

धुराबरोबर रक्तात गेलेले निकोटिन तेथे फार वेळ टिकत नाही. साधारण दोन तासांत ते निम्मे होते. ते मोडण्याचे काम मुख्यतः यकृतातील एक एन्झाइम करते. शास्त्रज्ञांनी त्याला सीवायपी-२ए-६ असे रुक्ष नाव दिले आहे. हे एन्झाइम तयार करण्याचा आराखडा ज्या जनुकात असतो, तो सर्वांचा सारखा नसतो. कोणाचे एन्झाइम झपाट्याने काम करते, कोणाचे रेंगाळते. जपानी लोकांत तर हे जनुकच गळालेले पुष्कळदा आढळते. ज्याचे यकृत चपळ, त्याचे निकोटिन लवकर संपते आणि तलफ लवकर येते. पट्टीतून मिळणारे निकोटिनही तो तसेच भराभर उडवून टाकतो.

व्हॅरेनिक्लिन या गोळीचे तसे नाही. मेंदूतील ज्या जागी निकोटिन बसते तेथे ती जाऊन बसते, तलफ थोडीशी भागवते आणि सिगारेटची गोडी कमी करते. शिवाय ती बहुतांशी न मोडता मूत्रावाटे बाहेर पडते. यकृताच्या चपळाईशी तिला फारसे कर्तव्य नाही.

मग औषध यकृत पाहून का देऊ नये? अमेरिका व कॅनडा येथे १२४६ धूम्रपान करणाऱ्यांवर हा प्रयोग झाला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. प्रथम रक्त तपासून मंद आणि नेहमीच्या गतीचे असे दोन गट पाडले. (रक्ततपासणी अशासाठी की, गती केवळ जनुकावर ठरत नाही; गर्भारपणातही ती वाढते.) अकरा आठवड्यांच्या उपचारानंतर नेहमीच्या गतीच्या लोकांपैकी पट्टीने शेकडा २२-२३ जणांची सिगारेट सुटली होती, तर गोळीने ३८-३९ जणांची. मंद गटात मात्र पट्टीने सुमारे २८ आणि गोळीने सुमारे ३०, म्हणजे जवळजवळ बरोबरी! उलट गोळीचा त्रास या मंडळींनाच अधिक झाला. त्यांना साधी पट्टीच बरी.

हे आकडे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. उत्तम जमलेल्या जोडीतसुद्धा शंभरातील साठांची सिगारेट सुटली नाही, आणि औषध थांबल्यावर सुटलेल्यांतलेही काही परतले. शिवाय हा प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांचा होता. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला किंवा मशेरी लावणाऱ्या बाईला तेच आकडे लागू पडतील असे धरून चालता येत नाही.

अशी रक्ततपासणी गावातल्या दवाखान्यात सहसा होत नाही. तेव्हा पट्टी फसलेल्या गृहस्थाने डॉक्टरांकडे जाऊन ती किती दिवस लावली, तलफ कोणत्या वेळी आली, हे सांगावे आणि दुसऱ्या औषधाविषयी विचारावे. घरच्यांनी तोवर मनोनिग्रहावरचे व्याख्यान आवरते घ्यावे.