11 फायनल, कप एकही नाही

आपली टीम फायनल हरली की तुम्हाला दोन दिवस जेवण जात नाही ना? मग आयर्लंडच्या मेयो काउंटीचं ऐका. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरता येतो, पण खेळाडूंना पगार नसतो. मेयोने ऑल-आयर्लंड कप शेवटचा जिंकला 1951 साली. नंतर 11 फायनल हरले!

जॉन ओ'मॅहनी मेयोचेच. त्यांची टीम 1989 ला हरली. 1998 ला त्यांनी कप मिळवून दिला, पण शेजारच्या गॉलवेला. बोला आता!

जेम्स होरन 1996 आणि 1997 च्या फायनल खेळले, हरले. मग मॅनेजर म्हणून 2012, 2013. सोडून गेले, परत आले. 2020 ला पुन्हा तेच. 2021 च्या सेमीफायनलला मात्र चॅम्पियन डब्लिनलाच हरवलं. फायनलला समोर टिरोन. तीही गेली.