दाबाच्या पंपातील दट्ट्यांची झीज

द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत फवारणीसाठी तीन दट्ट्यांचा पंप वापरतात. बाजारात तो एचटीपी पंप या नावाने ओळखला जातो. हाच पंप आता गोठ्याची फरशी, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व ट्रॉली धुण्याच्या कामीही येऊ लागला आहे. फवारणीचे द्रावण गाळून घेण्याची सवय बहुतेक बागाईतदारांना असते. धुण्यासाठी मात्र कोणतेही पाणी चालते, अशी समजूत आढळते. तिचा परिणाम लगेच दिसत नाही. द्राक्षावर केवडा उतरण्याची चिन्हे दिसतात, फवारणी एक दिवसही लांबविता येत नाही, आणि नेमका तेव्हाच पंप दाब धरीत नाही.

झीज कोठे होते हे कळण्यासाठी पंपाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. पंपाचे दोन भाग असतात. मागील भागात क्रँक तेलात फिरतो. पुढील भागात दट्टे पाण्यात मागेपुढे सरकतात आणि झडपा एकाआड एक उघडतात व मिटतात. दट्ट्याभोवती रबराचे किंवा कापडमिश्रित रबराचे वॉशर बसविलेले असतात. त्यांची ओठासारखी कड दाबाच्या बाजूस तोंड करून असते. पाण्याचा दाब वाढला की ही कड दट्ट्यास अधिक घट्ट बिलगते. पूर्वीच्या हातपंपातील चामडी वायसरही याच तत्त्वावर काम करीत असे. वॉशर व दट्टा यांच्यामध्ये पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो. तोच तेथील वंगण होय आणि घर्षणाची उष्णताही तोच वाहून नेतो. म्हणून पंपाच्या आयुष्याचा निकाल बव्हंशी पाणी आत येण्याच्या बाजूस लागतो. तेलाकडे लक्ष देणारे अनेक असतात. शोषणनळीकडे पाहणारे थोडे.

पाण्यातील वाळूत गारगोटीचे कण असतात व ते साध्या पोलादाहून कठीण असतात. असा कण वॉशरच्या कडेत रुतला म्हणजे तो कानशीसारखा दट्ट्यावर घासत राहतो. दट्ट्यावर उभे ओरखडे पडले की नवा वॉशरही तेथे टिकत नाही. दट्ट्यावर चिनी मातीसारखे कठीण सिरॅमिकचे कवच असल्यास ओरखडे कमी पडतात, परंतु वॉशर खराब व्हावयाचा तो होतोच. शेततळ्यातून वा ओढ्यातून नळी थेट पंपास जोडण्याऐवजी पाणी प्रथम टाकीत घेऊन निवळू द्यावे. नळीचे तोंड टाकीच्या तळापासून निदान वीतभर वर असावे आणि त्यावरील जाळी दररोज काढून धुवावी. जाळी तुंबली म्हणून ती काढूनच टाकणे हा उपाय नव्हे. मोरचुदाच्या बोर्डो मिश्रणासाठी विरविलेला चुनाही कापडातून गाळल्याशिवाय टाकीत जाऊ नये.

वाळूइतकेच नुकसान पंप तहानलेला राहिल्याने होते. नळी लांब, अरुंद किंवा पिचलेली असली, अथवा पंप पाण्याच्या पातळीहून फार उंच ठेवला, तर दट्टा मागे जाताना पोकळीत पुरेसे पाणी येत नाही. तेथील दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. दट्टा पुढे येताच ते फुटतात आणि त्या आघातांनी धातू बारीक खड्डे पडून कुरतडला जातो. पंपातून खडे हलविल्यासारखा आवाज येतो, नळी थरथरते व दाबमापकाचा काटा नाचू लागतो. टाकी पंपाहून उंच ठेवणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय. सांध्यातून हवा शिरते की काय हे पाहण्यासाठी परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडवून ठेवावे. बुडबुडे सतत येत राहिल्यास सांधे तपासावेत. हे तोंड शोषणनळीपासून दूर असावे, नाहीतर तेच बुडबुडे पुन्हा पंपात ओढले जातात.

टाकी रिकामी होऊनही पंप चालू राहिला, तर वॉशर थोड्याच वेळात जळतो. सिरॅमिकचा दट्टा असा तापला असता त्यावर एकदम थंड पाणी सोडू नये, तो तडकतो. पंप बंद करून निवू द्यावा.

अधिक पाणी मिळावे म्हणून पुली बदलण्याचा मोह अनेकांना होतो. १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर ३ इंची व पंपावर ५ इंची पुली असल्यास पंप मिनिटास ८६४ फेरे घेतो. मोटारीची पुली ४ इंची केली की हा आकडा ११५२ होतो. पंपाच्या पट्टीवर दिलेली मर्यादा यामुळे ओलांडली गेल्यास झीज तर वाढतेच, शिवाय पंप तहानलेला राहण्याचा दोषही बळावतो.

दाब उतरला की पंपास दोष देण्यापूर्वी नोझल पाहावे. पंपाचे सर्व पाणी २ मिलिमीटरच्या एका छिद्रातून जात असेल आणि ते झिजून २.२ मिलिमीटर झाले, तर छिद्राचे क्षेत्र २१ टक्क्यांनी वाढते. पाणी तितकेच असल्याने दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो असलेला दाब सुमारे २७ किलोवर येतो. अशा वेळी दाबाचा स्क्रू आवळीत बसण्यात अर्थ नाही. नोझल बदलणे स्वस्त पडते. गळती शोधताना चालू पंपाच्या नळीवर हात फिरवू नये. बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि वरून लहान दिसणारी ती जखम फार धोक्याची असते. अशी इजा झाल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे.

मागील भागातील तेल प्रथम सुमारे ५० तासांनी व नंतर उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने बदलावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी गेले आहे असे समजून तेलाचे सील तपासावे. दोन्ही भागांच्या मधून पाणी ठिबकू लागले तर पुढील वॉशर संपले आहेत, हे ओळखावे. वॉशर तिन्ही दट्ट्यांचे एकाच वेळी बदलावेत. एकच बदलल्यास उरलेल्या दोहोंसाठी पंप पुन्हा लवकरच उघडावा लागतो. ग्रीसच्या डब्या असलेल्या पंपात त्या दर काही तासांनी थोड्या आवळाव्यात.

काम संपल्यावर दोन-तीन मिनिटे स्वच्छ पाणी चालवावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी दट्ट्यावर सुकले म्हणजे क्षारांचा खरखरीत थर जमतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेऱ्यांतच वॉशर फाटतो. औषध फवारलेल्या पंपाने गोठा धुवावयाचा असेल तर टाकी व नळ्या आधी अनेकदा धुवाव्यात. दुधाची भांडी मात्र त्या पंपाने कधीही धुऊ नयेत. पंप महिनोन्‌महिने उभा राहणार असल्यास त्यातील पाणी पूर्ण काढून टाकावे, पट्टा सैल करावा आणि पंधरा दिवसांनी एकदा पुली हाताने फिरवावी, म्हणजे वॉशर दट्ट्यास चिकटत नाहीत.