बियाणे, खेळ आणि ताळेबंद

जालना येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली. ही कंपनी पिशवीतून बी विकते असे वरवर दिसते. वस्तुतः ती विकते ते वाणात साठविलेले संशोधन. संकरित पिकाचे घरी राखलेले बी पुढील पिढीत पहिल्यासारखे उतरत नाही, म्हणून शेतकऱ्यास दर हंगामी नवे बियाणे घ्यावे लागते. व्हिडिओ खेळांच्या प्रकाशकाचे अर्थकारण समजून घेण्यास हे परिचित उदाहरण उपयोगी पडेल.

खेळाची पहिली प्रत सिद्ध होईपर्यंत सारा खर्च होऊन जातो. त्यापुढील प्रतींचा खर्च नगण्य असतो. मात्र कोणता खेळ चालेल हे आधी सांगता येत नाही. मोठा प्रकाशक अनेक अपयशे पचवू शकतो. मध्यम प्रकाशकास एकच अपयश बुडवू शकते. यास्तव तो स्वतः प्रयोग करण्याऐवजी चाललेले खेळ विकत घेतो.

मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीज या १९९९ साली स्थापन झालेल्या कंपनीने हाच मार्ग पत्करला. मुलांसाठी असलेला, वर्गणीवर चालणारा 'किडोपिया' तिने २०१९ मध्ये आपल्या छत्राखाली आणला. वर्गणी म्हणजे दर हंगामीच्या बियाण्यासारखे आवर्ती उत्पन्न. परंतु २०२१ मध्ये ॲपलने जाहिरातदारांच्या माहितीवर निर्बंध घातले आणि नवा ग्राहक मिळविण्याचा खर्च वाढला. त्याच वर्षी झालेली सुमारे ५८३ कोटी रुपयांची भागविक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांची होती. ती रक्कम कंपनीच्या तिजोरीत आली नाही. पुढील खरेदीसाठी तिला निराळे भांडवल उभारावे लागले.

सप्टेंबर २०२४ मध्ये नझाराने 'पोकरबाझी' चालविणाऱ्या कंपनीचा निम्म्याहून किंचित कमी हिस्सा सुमारे ८३२ कोटी रुपयांस घेण्याचे जाहीर केले. त्याखेरीज त्या कंपनीस थेट भांडवलही पुरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत नझाराने या गुंतवणुकीपोटी नऊशे कोटींहून अधिक मूल्यऱ्हास नोंदविला. तरीही निव्वळ तोटा सुमारे ३४ कोटींचाच दिसला. याचे कारण असे की, नॉडविन या कंपनीवरील नियंत्रण सुटल्याने तेथील उरलेल्या हिश्श्याचे नव्याने मूल्यमापन झाले आणि हजार कोटींहून अधिक लाभ कागदोपत्री जमा झाला. हा लाभ रोकड नव्हे.

जालन्यास हा अनुभव नवा नाही. महिकोच्या बीटी वांग्यास मान्यता समितीने २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र शासनाने त्यास स्थगिती दिली. दोन्ही प्रसंगी माल नासला नव्हता, ग्राहकही गेला नव्हता. नाहीशी झाली होती ती विकण्याची अनुज्ञा.

सारांश, ज्या व्यवसायाची मालमत्ता गुदामात नसून हक्कांत असते, त्याच्या ताळेबंदाचे परीक्षण करताना विद्यार्थ्याने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: नफ्यातील रोख भाग किती, आणि प्रत्येक उत्पन्न कोणाच्या अनुज्ञेवर अवलंबून आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नफा-तोटा पत्रकात क्वचितच आढळते.