पिशवी, कॅरियर आणि पंधरा मिनिटं

संध्याकाळी सातच्या सुमारास शहरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी पाच मिनिटं उभं राहून पाहावं. कुणी कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढतं, कुणी अर्धा लिटर दुधासाठी. ज्यांना तेवढीही सवड नाही, त्यांच्या दारात पाठीवर मोठी पिशवी अडकवलेला मुलगा दहा मिनिटांत हजर होतो. यातलेच बरेच जण डॉक्टरांसमोर बसून सांगतात, ‘व्यायामाला वेळच मिळत नाही हो.’ तक्रार खोटी नसते. नोकरी, प्रवास, मुलांची शाळा, घरातल्या वडीलधाऱ्यांची दुखणी यांतून रोजचा अर्धा तास वेगळा काढणं कठीणच. पण कोथिंबीर आणायला वेळ मिळतो, कारण ती आणावीच लागते. मग जे काम करावंच लागणार आहे, तेच सायकलवरून केलं तर?

कामाबरोबर गेलेली हालचाल

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहविषयक पाहणीतून २०१४ साली प्रौढांच्या शारीरिक हालचालींची आकडेवारी प्रसिद्ध झाली. त्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर महाराष्ट्रही होता. पाहणीतले ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. विरंगुळा म्हणून खेळणारे किंवा व्यायाम करणारे तर दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. पुढे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के होतं.

मुद्दाम वेळ काढून व्यायाम करण्याची सवय आपल्याकडे पूर्वीही सरसकट नव्हती. शरीर हलत होतं ते कामामुळे. पाणी भरणं, गिरणीत दळण नेणं, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येणं, हे कुणी व्यायाम म्हणून करत नव्हतं. ही कामं सोपी झाली, ते चांगलंच झालं. मात्र त्यांच्याबरोबर गेलेल्या हालचालीची जागा दुसऱ्या कशानेही भरून निघाली नाही.

कामातली हालचाल हृदयाला किती उपयोगी पडते, याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होतं. सायकलबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास कोपनहेगनचा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळला. फावल्या वेळातला व्यायाम हिशोबात धरूनही हा फरक टिकला. अर्थात हे निरीक्षणातून निघालेले निष्कर्ष आहेत. मुळात धडधाकट असलेली माणसंच सायकल जास्त चालवत असतील, ही शक्यता अशा अभ्यासांतून पूर्णपणे पुसता येत नाही. तरीही वेगवेगळ्या देशांतले असे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात.

दीड किलोमीटरचा हिशोब

समजा, दुकान घरापासून दीड किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन तीन किलोमीटर. ताशी १२ किलोमीटर या रमतगमत वेगाने गेलं तर १५ मिनिटं पायडल मारलं जातं. या वेगाला शरीर विश्रांतीच्या सुमारे चौपट ऊर्जा वापरतं आणि त्याची गणना मध्यम व्यायामात होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आठवड्यात वाण्याच्या, भाजीच्या, गिरणीच्या मिळून पाच फेऱ्या झाल्या तर ७५ मिनिटं, म्हणजे निम्मं काम तिथेच उरकतं. पूर्वी व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला पाहिजे, अशी अट होती. संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती राहिली नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाची पाच मिनिटांची फेरीसुद्धा आता जमेला धरता येते.

वजन उतरवण्याचा उपाय म्हणून मात्र याकडे पाहू नये. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अशा एका फेरीत साधारण ६० कॅलरी खर्च होतात. एक पोळीसुद्धा त्यात भागत नाही. खरा फायदा वेगळा आहे. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते काम करू लागले की रक्तातली साखर उचलू लागतात आणि यासाठी त्यांना इन्शुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावं लागत नाही. म्हणूनच इन्शुलिनचा प्रभाव कमी झालेल्या मधुमेही व्यक्तींनाही हालचालीचा गुण येतो. खाण्यानंतर थोड्या वेळाने केलेली हलकी हालचाल साखरेची उसळी कमी करते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

गुडघ्यांसाठीही सायकल सोयीची आहे. शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे सांध्यांना हादरे न बसता स्नायू बळकट होतात. मात्र सीट योग्य उंचीवर हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. फार खाली बसून सायकल मारली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो.

वाटेवरचं सुख

हे सगळं खरं असलं, तरी केवळ फायद्यासाठी सुरू केलेली गोष्ट फार दिवस टिकत नाही. जिमची वर्षाची फी भरून पहिल्या महिन्यात गळणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. सामानासाठी सायकल काढणारी माणसं टिकतात, त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांना त्यात मजा येते.

ही मजा अगदी साध्या गोष्टींची आहे. गाडी कुठे लावायची, ही चिंता नाही. टोपलीत ताजी मेथी दिसली की एक पाय टेकवून तिथेच भाव विचारता येतो. स्कूटरवर कधी लक्षात न आलेला चढ पायांना कळतो आणि परतताना तोच उतार होऊन वारा अंगावर येतो. गिरणीतून निघताना कॅरियरवरचा पिठाचा डबा गरम असतो आणि वाटभर त्याचा वास मागे येत राहतो. पिशवीत मावेल तेवढंच घ्यायचं असल्यामुळे नको ती खरेदी आपोआप टळते. पालेभाजी दोन दिवसांच्या बेताने आणली जाते आणि फ्रिजमध्ये सडत नाही.

माणसांचाही यात वाटा आहे. रोजच्या फेरीत वाणी, भाजीवाल्या मावशी, पंक्चरवाले काका यांच्याशी दोन शब्द होतात. ‘आज उशीर?’ एवढंच कुणी विचारतं. कॅनडातल्या गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये कॉफीच्या दुकानात एक छोटा प्रयोग केला. काही ग्राहकांना विक्रेत्याकडे पाहून हसायला आणि थोडं बोलायला सांगितलं. बाकीच्यांना झटपट व्यवहार उरकायला सांगितला. ज्यांनी दोन शब्द बोलून घेतले, त्यांना नंतर अधिक प्रसन्न वाटलं आणि आपण या लोकांतले आहोत, ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. निवृत्तीनंतर ज्यांचं घराबाहेर पडणं कमी होतं, त्यांच्यासाठी तर हे दोन शब्द फार मोलाचे. मोबाइलवरून मागवलेल्या सामानात ते येत नाहीत.

वजन कुठे ठेवायचं?

सामान लादलेली सायकल चालवणं अवघड नाही, पण त्यामागचं शास्त्र समजून घेतलेलं बरं. सायकल उभी राहते ती हँडलच्या बारीक हालचालींमुळे. सायकल डावीकडे कलू लागली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो. त्यामुळे चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. म्हणजे हँडलच्या हालचालीत अडथळा आला की तोलात अडथळा आला. हँडलच्या एका बाजूला पाच किलोची पिशवी अडकवली की नेमकं हेच होतं. पिशवी हेलकावे घेते, हँडल ओढते आणि कधी चाकाच्या तारांतही जाते.

जड वस्तू मागे कॅरियरवर, शक्य तितक्या खाली आणि घट्ट बांधून ठेवावी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावल्या तर वजन सारखं वाटावं. पुढच्या बास्केटमध्ये अंडी, टोमॅटो, पाव अशा हलक्या गोष्टी ठेवाव्यात. वजन असताना अगदी हळू चालवलं तर तोल जास्त डळमळतो, म्हणून वेग बेताचा पण एकसारखा ठेवावा. थांबायला अंतर जास्त लागतं, तेव्हा दोन्ही ब्रेक आधीपासून आणि सावकाश दाबावेत. चाकांत हवा भरपूर असली की निम्मे कष्ट वाचतात.

सुटलेली सायकल

घरातलं वाणसामान आणि भाजी आणण्याचं काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं आणि हालचाल कमी असण्याचं प्रमाणही स्त्रियांतच जास्त आहे. महाराष्ट्रात सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली गावोगाव दिसतात. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून त्यांना सायकलीही मिळतात. पण नोकरी किंवा लग्न झालं की सायकल सुटते. चाळिशीतल्या कितीतरी जणी सांगतात, ‘शाळेत असताना मी भन्नाट चालवायची.’ गुडघे कुरकुरायला आणि साखर वाढायला लागते ती याच वयात.

सायकल चालवण्याचं कौशल्य मेंदू सहसा विसरत नाही. मनातली भीती तेवढी जायला हवी. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेऊन सुरुवात करावी. हात बसला की सीट वर घ्यावी. खाली वाकलेल्या दांडीची, चेनकव्हर असलेली सायकल साडी किंवा पंजाबी ड्रेसवर सोयीची पडते. ओढणी मात्र कमरेला बांधलेली असावी. ‘या वयात सायकल?’ असं विचारणारे आठवडाभर विचारतात, मग त्यांनाही सवय होते.

सावधगिरी

आपले रस्ते सायकलस्वाराला धार्जिणे नाहीत, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही मुख्य रस्त्यावर सायकल घालताना छाती धडधडते. म्हणून वाट लांबची पडली तरी आतल्या गल्ल्यांची निवडावी. पुढे-मागे दिवा, चालू घंटी, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात उठून दिसणारे कपडे असावेत. सायकल सुरक्षितपणे चालावी यासाठी स्वतंत्र, सलग आणि गाड्या न लावलेली मार्गिका लागते. ती मिळवण्यासाठी नगरसेवकाकडे आग्रह धरणं हाही सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे.

प्रदूषणाचं काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्को तैनिओ आणि सहकाऱ्यांनी हा हिशोब मांडला होता. हवेत पीएम २.५ कणांचं प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम इतकं वाईट असलं, तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्यापेक्षा जास्त ठरतो. सामानाची फेरी त्याच्या पुष्कळ आत बसते. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र हवा खराब असलेल्या दिवशी सायकल काढू नये. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणारी औषधं घेणाऱ्यांनी सुरुवातीला डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि खिशात दोन-चार गोळ्या-चॉकलेटं ठेवावीत. चक्कर येणाऱ्यांनी, नजर किंवा तोल कमी झालेल्यांनी चालतच जावं. शिवाय सायकलमुळे हाडांवर भार येत नाही. हाडं मजबूत राहण्यासाठी चालणं, जिने चढणं आणि थोडं वजन उचलणं हे सोबत हवंच.

सुरुवात करताना सगळी खरेदी सायकलवर आणायचा संकल्प सोडू नये, तो मोडतो. आठवड्यातलं एकच काम निवडावं. दळण, दूध किंवा भाजी, यांपैकी जे घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे ते. गॅलरीत धूळ खात पडलेली सायकल या रविवारी दुकानात न्यावी, हवा, ब्रेक आणि चेन पाहून घ्यावी, मागे भक्कम कॅरियर बसवून घ्यावा. बाकी सोमवारी कोथिंबीर संपतेच.