हाताचे कसब आणि अंकांचा अंमल

फुलचूर हे गाव गोंदिया शहराला इतके लागून वसले आहे की, शहराची हद्द कोठे संपली आणि गावाची कोठे सुरू झाली, हे तलाठ्याच्या दप्तराखेरीज अन्यत्र सहसा कळत नाही. आणि ज्या जिल्ह्यात हे गाव मोडते तो, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त झालेला गोंदिया जिल्हा, धानाचा व धान भरडणाऱ्या गिरण्यांचा मुलूख म्हणून सर्वपरिचित आहे. राईस मिल आली की तिच्या मागोमाग तिची दुरुस्तीही आली. शाफ्ट झिजतो, पुली तडकते, ब्रॅकेट तुटतो, आणि भरडाईचा हंगाम तर नागपुराहून सुटा भाग येईपर्यंत खोळंबून राहायला तयार नसतो. म्हणूनच अशा मुलखात लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगची दुकाने आपोआप उभी राहतात, आणि त्यांतल्या एखाद्या हौशी कारागिराच्या मनात आज ना उद्या असा विचार येतोच की, कोपऱ्यातल्या आपल्या लहानशा मिलिंग मशीनला संगणकाच्या हुकमतीखाली आणता आले तर काय बहार होईल! या विचाराची शक्याशक्यता सामान्य वाचकापुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिलिंग मशीनचा व्यवहार लेथच्या नेमका उलट असतो. लेथवर जॉब, म्हणजे कापावयाचा तुकडा, फिरतो आणि हत्यार त्याला सोलत जाते; येथे अनेक धारांचा कटर फिरतो, आणि व्हाइसमध्ये आवळलेला जॉब टेबलासकट त्याच्यासमोर डावीउजवीकडे व पुढेमागे सरकवला जातो, तर कटर धारण करणारे मुंडके खालीवर होते. या तिन्ही हालचाली तीन हँडलांच्या स्वाधीन असतात. शाफ्टमध्ये चावीची खाच पाडणे, ओबडधोबड ओतीव तुकड्याची एक बाजू सपाट करणे, यांसारखी सरळ रेषेतली कामे एका वेळी एक हँडल फिरवून बिनचूक होतात. परंतु रेषा वाकडी झाली की दोन हँडले एकाच वेळी, आणि तीही क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रमाणात फिरवावी लागतात. आणि कितीही निष्णात कारागीर असला तरी हे त्याच्या दोन हातांच्या मगदुराबाहेरचे आहे.

नेमकी हीच अडचण १९४० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स या कारखानदारापुढे उभी राहिली होती. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वक्राकार साचा त्याला कापावयाचा होता. त्याने व त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने त्या वक्रावरील बिंदूंचे स्थानांक छिद्रित पत्त्यांच्या हिशेबयंत्रावर काढले, आणि मग जी युक्ती योजली ती ऐकून आज हसू येईल: एक माणूस कागदावरचे आकडे मोठ्याने वाचीत असे, दुसरा त्याबरहुकूम एका अक्षाचे हँडल फिरवी आणि तिसरा दुसऱ्या अक्षाचे. म्हणजे आजच्या स्वयंचलित यंत्राचा सारा कारभार तेथे होताच, फक्त त्याचे नोकर हाडामांसाचे होते. पुढे १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या कंत्राटातून हे काम मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये छिद्रित कागदी फितीवरून आज्ञा घेणारे पहिले मिलिंग यंत्र लोकांसमोर चालवून दाखविण्यात आले. मौज अशी की, हे आद्य यंत्र मुळापासून नवे घडविलेले नव्हतेच. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल नावाचे एक तयार मिलिंग मशीन घेऊन, त्याच्यावरच मोटारी व निर्वात नलिकांनी भरलेली कपाटे चढविलेली होती. तेव्हा जुन्या यंत्राला नवे नियंत्रण बसविणाऱ्या घरगुती कारागिराने आपण काही अवैध खटाटोप करीत आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. या विद्येचा उगमच तसल्या खटाटोपात आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हँडले काढावीत, त्यांच्या जागी मोटारी बसवाव्यात, आणि त्या मोटारींना संगणकाने हुकूम सोडावेत, इतके हे वर्णन सोपे असल्यामुळे ऐकणाऱ्याचा असा ग्रह होतो की, यातील सर्वांत कठीण भाग संगणकाचा असणार. वस्तुस्थिती उलट आहे. सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या गृहस्थाने २००९ मध्ये जीआरबीएल नावाची नियंत्रणप्रणाली लिहिली. ती आर्डुइनो या तळहाताएवढ्या मंडलावर चालते आणि फुकट मिळते. त्याहून अधिक क्षमतेची लिनक्ससीएनसी ही प्रणाली अमेरिकी शासनाच्या मानक संस्थेत जन्मलेल्या मूळ प्रणालीतून वाढली, आणि शासकीय काम असल्यामुळे ते मूळही जनतेला खुलेच होते. एखादा जुना, अडगळीत पडलेला संगणक तिला पुरतो. आज्ञांची भाषाही दुर्बोध नाही: ‘जी ०१ एक्स ४० एफ १२०’ असे लिहिले की, आडव्या अक्षावर ४० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत मिनिटाला १२० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत जा, असा त्याचा अर्थ होतो, आणि वक्राकृती मोठी असली तर असल्या हजारो ओळी, पडद्यावर काढलेल्या चित्रावरून, दुसरी एक प्रणाली आपण होऊन लिहून देते. बुद्धी, थोडक्यात, आज स्वस्त झाली आहे. महाग आहे ते शरीर.

याचे मर्म कळावयास हाताने काम करणारा मशिनिस्ट काय काय करीत असतो, हे बारकाईने पाहिले पाहिजे. हँडलला जोडलेला आटेदार दांडा आणि टेबलाखालचा नट यांच्यामध्ये नेहमी थोडी सैल जागा असते. दुकानांत तिला ‘प्ले’ म्हणतात, पुस्तकांत बॅकलॅश. एका दिशेने जाणारे टेबल परत फिरवावयाचे झाले की हँडल थोडेसे रिकामे फिरते आणि मगच टेबल हलते. लहान व स्वस्त यंत्रांत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतकीही सहज असते. जाणता कारागीर तिची दखल न घेताच तिचा बंदोबस्त करतो: मापावर येताना तो नेहमी एकाच दिशेने येतो, खुणेच्या पुढे गेला तर बराच मागे जाऊन पुन्हा येतो, आणि जो अक्ष हलवावयाचा नाही तो पक्का आवळून टाकतो. कटर ओरडू लागला की त्याचा हात कानाच्या हुकमाने आपोआप मंदावतो. यंत्राचे अर्धे दोष हा हात पदरात घेत असतो, आणि आपण मात्र त्या यंत्राला ‘चांगले’ म्हणत असतो. हात बाजूला केला की हे सगळे दोष उघडे पडतात. संगणकाने वर्तुळ कापावयास घेतले तर प्रत्येक वळशात प्रत्येक अक्षाला दोनदा दिशा बदलावी लागते. म्हणजे एकूण चार ठिकाणी ती फट आपला हिस्सा मागते, आणि जॉब बाहेर काढून पाहावा तो वर्तुळाच्या चार टोकांना चार पायऱ्या उमटलेल्या! या पायऱ्या पाहिल्याखेरीज बॅकलॅश म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने समजत नाही, असे आमचे मत आहे.

यावर प्रणालीतही एक तोडगा असतो. दिशा बदलताना मोटार तेवढी फट झटकन जादा फिरते. परंतु हा हिशेब टेबल जेथे ठेवले तेथे स्थिर राहील अशा गृहीतावर उभा आहे, आणि फिरणारा कटर जॉबला जर आपल्याच दिशेने ओढू लागला तर टेबल त्या सैल जागेत झेपावते, कटर अधिक खोल घुसतो आणि प्रसंगी मोडतो. कागदावरची वजावट लोखंडाला मान्य नसते. म्हणून खरा इलाज एकच, तो म्हणजे जुना दांडा काढून बॉल स्क्रू बसविणे. यात दांड्याच्या गोलाकार खोबणीतून पोलादी गोळ्या फिरत राहतात आणि नट त्यांच्यावर स्वार होऊन चालतो; घर्षण फार थोडे, आणि फट जवळजवळ नाही. लहान यंत्रासाठी १६ मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा प्रकार फार रूढ आहे. त्याच्या सी-७ या साध्या प्रतीत ३०० मिलिमीटर लांबीमागे सुमारे ०.०५ मिलिमीटरची चूक धरलेली असते, आणि राईस मिलच्या ब्रॅकेटला ती पुरून उरते. मात्र दांडा उत्तम असून भागत नाही. त्याच्या एका टोकाला कोनीय स्पर्शाच्या बेअरिंगांची जोडी एकमेकींवर दाबून बसविली नाही, तर नटातून हद्दपार केलेली फट बेअरिंगातून परत गावात येते. टेबलाच्या सरकमार्गातील पट्ट्या, ज्यांना गिब म्हणतात, त्या न फार सैल न फार घट्ट अशा बसवाव्या लागतात. आणि कटर फिरविणाऱ्या स्पिंडलला डायल गेज लावून तो टेबलाशी काटकोनात आहे की नाही, हे सर्व दिशांनी फिरवून तपासावे लागते. या तपासणीला जो कंटाळला त्याने मोटारी विकत घेऊ नयेत.

मोटारींचे गणित त्या मानाने सुखाचे आहे. या कामी सामान्यतः स्टेपर मोटार वापरतात. ती अखंड न फिरता टप्प्याटप्प्याने फिरते, आणि एका फेऱ्यात तिचे २०० टप्पे असतात. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर एक टप्पा म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, मोटारीला प्रवाह पुरविणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या मंडलाने त्या टप्प्याचेही दहा भाग केले तर एक भाग अडीच मायक्रॉनचा होतो. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, कारण ते सूक्ष्म भाग ओझ्याखाली तितके काटेकोर राहत नाहीत, आणि वेग वाढला की या मोटारीचा जोरही उतरत जातो. तिचा दुसरा स्वभावदोष अधिक गंभीर आहे. ओझे तिच्या शक्तीबाहेर गेले तर ती काही टप्पे चुकते, आणि आपण चुकलो हे ती कोणालाही सांगत नाही. संगणक समजतो की फर्मानाची तामील झाली, आणि पुढचे सगळे काम त्या चुकलेल्या जागेपासून मोठ्या निष्ठेने चालू राहते. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी आपल्या स्थितीची हजेरी देणाऱ्या बंद वलयाच्या मोटारी घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट आमच्या भागात विशेष जपण्यासारखी आहे. जुना आटेदार दांडा घर्षणामुळे स्वतःच अडून बसत असे. बॉल स्क्रूला तो गुण नाही. मोटारीत प्रवाह आहे तोवर मुंडके वर तोलून धरलेले असते, पण पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी वीज गेली की ते जड मुंडके कटरसह हळूहळू खाली घसरू शकते. त्याला प्रतिभार, वायूचा दट्ट्या किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी लावणे आवश्यक आहे. तातडीने थांबविण्याचे लाल बटणही असे जोडावे की, एरवी त्यातून प्रवाह वाहत राहील आणि दाबल्यावर तो तुटेल. मग उंदराने तार कुरतडली तरी यंत्र थांबेल, बेफाम सुटणार नाही.

असली उठाठेव आपल्याकडे नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी, बंधू आनंदराव १९१६ मध्ये निवर्तल्यानंतर, विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडविला आणि त्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. दुकानात विकत मिळत नाही म्हणून यंत्र हाताने करावयाचे, ही वृत्ती त्यात स्पष्ट दिसते. अलीकडच्या काळातले उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि काम करता करता शिकणे हे शिक्षणाचे सूत्र मानून खेड्यातील मुलांच्या हाती वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची साधने दिली. एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकारातून, संगणकनियंत्रित यंत्रे सामान्य माणसाला वापरू देणाऱ्या ज्या फॅब लॅब जगभर निघाल्या, त्यांतील अगदी आरंभीच्यांपैकी एक २००२ मध्ये पाबळला सुरू झाली. ज्या संस्थेत १९५२ साली ते पहिले यंत्र चालले, तिच्याच शाखेने पन्नास वर्षांनी दुष्काळी टापूतल्या एका खेड्यात मुळे धरावीत, हा योगायोग आम्हाला फार गोड वाटतो. आणि पाबळला जे रुजले ते धानाच्या मुलखात रुजू नये असे काही कारण दिसत नाही.

राहिला प्रश्न कामाच्या क्रमाचा. मोटारी धरून ठेवणारे ब्रॅकेट ॲल्युमिनियमच्या जाड पाट्यांतून कापावे लागतात, आणि ते कापण्यासाठी त्या दुकानात सहसा एकच मिलिंग मशीन असते: तेच, ज्याची हँडले आपण काढावयास निघालो आहोत. म्हणून तिन्ही अक्षांचे ब्रॅकेट, बेअरिंगांच्या बैठका आणि नटांची घरे आधी हाताने कापून, मोजून, जागेवर लावून पाहिल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नये. अन्यथा यंत्र उघडे आणि त्याला लागणारा भाग करण्यास यंत्रच नाही, अशी अवस्था होते. या सक्तीचा एक फायदाही आहे. ज्याने ते ब्रॅकेट हाताने कापले त्याला आपल्या यंत्राची खोड कोणत्या अक्षात आहे, हे मोटार बसण्यापूर्वीच उमगलेले असते. बसविल्यावर पहिले काम धातूवर करू नये. कटरच्या जागी पेन लावून कागदावर वर्तुळ व चौकोन काढून घ्यावेत, मग मेणावर किंवा लाकडावर, आणि मग ॲल्युमिनियमवर यावे.

मोटारी निवडताना मागच्या बाजूनेही दांडा बाहेर आलेल्या घ्याव्यात, अशी आमची शिफारस आहे, कारण त्या मागच्या टोकांवर जुनी हँडले पुन्हा चढविता येतात. एकाच मापाचे वीस वक्र ब्रॅकेट हवे असतील तेव्हा संगणकाला कामाला लावावे. पण हंगामात एखाद्या गिरणीचा माणूस एकच शाफ्ट खांद्यावर टाकून दारात उभा राहिला आणि त्याला एकच चावीची खाच तासाभरात हवी असली, तर चित्र काढून आज्ञा लिहीत बसण्यापेक्षा वीज बंद करून मोटारी मोकळ्या कराव्यात, टेबल हाताने मापावर आणावे, नुसता स्पिंडल चालू करावा आणि खाच पाडून त्याला वाटेला लावावे.